पाचवी खुर्ची

प्रश्न : सर, मी प्रतापनगरला राहते, बँकेत नोकरी करते. मिस्टरांच्या ऑफिसमधले काही जण दर शनिवारी संध्याकाळी धरमपेठेत एकाच्या घरी बोर्ड गेम खेळायला जमतात. गेल्या महिन्यात मीही गेले. हौसेनं गेले, कारण लहानपणी सुट्टीत पत्ते नाहीतर व्यापार, याशिवाय आमची दुपार सरत नसे. तिथे कॅटन मांडलेला, म्हणजे बेटावर घरं बांधायचा आणि मालाची अदलाबदल करायचा खेळ. खेळ चौघांचा आणि आम्ही झालो पाच. घरमालक म्हणाले, "वहिनी, तुम्ही आणि हे एक टीम." पावणेतीन तास मी टीम होते. दोनदा फासे टाकायला मिळाले, एकदा पाणी आणायला उठले. एकच सल्ला दिला, त्यावर मिस्टर म्हणाले, "थांब, तुला नाही कळायचं ते." येताना गाडीत मी बोललेच नाही. आता या शनिवारी पुन्हा चल म्हणताहेत. जाऊ का?

उत्तर : ताई, आधी एक कबुली. दोन दिवाळ्यांपूर्वी त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरी मी हेच केलं होतं. चौघांचा खेळ, पाचवी वहिनी. तिला दादाशेजारी बसवलं आणि वर, "आता तर दादाचं डोकं डबल झालं!" असा पीजेही मारला. अर्ध्या तासानं तिची खुर्ची रिकामी. दीड तासानं ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "भाऊजी, तुमचं झालं असन तं वाढू का?" त्या 'तं'मध्ये जे होतं ते मला अजून ऐकू येतं.

कॅटनमध्ये जोडी जमतच नाही, आणि त्यात तुमचा दोष काडीचा नाही. त्या खेळात हातातले पत्ते लपवायचे असतात. विटा किती, गहू किती, हे समोरच्याला कळलं की सौद्यात मार खावा लागतो. म्हणजे शेजारच्याशी मोठ्यानं विचारविनिमय करायचीच सोय नाही. मग पत्ते ज्याच्या हातात तो ठरवणार आणि दुसरा बघत बसणार. 'टीम' हे वहिनींना बसवून ठेवायचं सभ्य नाव आहे, एवढंच.

चूक यजमानाची. आमच्याकडेही कित्येक वर्षं आधी कपाट उघडायचो, खेळ काढायचो आणि मग माणसं मोजायचो. मोजणी आधी व्हायला पाहिजे. कॅटनला पाच-सहा जणांसाठी जोडसंच वेगळा मिळतो, पण त्यानं पावणेतीनचे साडेतीन तास व्हायचे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तेवढं बसवणं म्हणजे शिक्षा. त्यापेक्षा पाच जण असले की कार्कसॉन काढावा. फ्रान्समधल्या एका तटबंदीच्या गावाचं नाव आहे ते. 72 चौकोनी फरशा. पाळी आली की एक उचलायची, रस्त्याला रस्ता आणि तटाला तट जुळेल अशी पटावर ठेवायची, वाटलं तर तिच्यावर आपला लाकडी माणूस उभा करायचा. उचललेली फरशी सगळ्यांना दिसते, हातात लपवण्यासारखं काही नसतं. "ही कुठे ठेवू हो?" असं खुशाल विचारता येतं आणि चार जण चार जागा सुचवतात. नवशिक्याला याहून बरं काय पाहिजे? फक्त शेतकऱ्याचा नियम, म्हणजे शेतात उभ्या केलेल्या माणसाचे गुण मोजायचा, पहिल्या डावात वगळायला सांगा. तो समजावताना आमच्या गटातले दोन इंजिनियर अजूनही भांडतात.

टिकिट टू राइडही पाच जणांत बसतो. पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करायची : पत्ते घ्या, नाहीतर रूळ टाका, नाहीतर नवी तिकिटं घ्या. चारी दिशांचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या डायमंड क्रॉसिंगच्या नागपुरात राहून रेल्वेचा खेळ समजला नाही, असं व्हायचं नाही.

तरीही कॅटनच मांडला, तर चौथ्या खुर्चीवर तुम्ही बसा. मिस्टरांना जातानाच गाडीत सांगा, टेबलावर चार लोकांत नको : "आज टीम तुम्ही." आणि एवढं डोक्यात ठेवून जा. (गणिताचा मास्तर होतो, सवय जात नाही.) दोन फाशांच्या 36 जोड्या होतात. त्यातल्या सहा जोड्यांत सात येतो, पाच-पाच जोड्यांत सहा आणि आठ. दोन आणि बारा मात्र एकेकाच जोडीत. फाशांवर जो आकडा येतो, पटावर त्याच्या शेजारच्या घराला माल मिळतो. म्हणून पटावर सहा आणि आठ लाल रंगात छापलेत. पहिली दोन घरं त्यांच्या आसपास बांधा, पण दोन्ही एकाच आकड्याला टेकवू नका. घरं मांडायचा क्रम दुसऱ्या फेरीत उलटतो. शेवटी बसलेला आपली दोन्ही घरं लागोपाठ मांडतो, म्हणून शेवटची पाळी आली तर हिरमुसू नका. आणि सात आला की ज्याच्या हातात सातापेक्षा जास्त पत्ते, त्याचे निम्मे जातात. आठ-नऊ पत्ते उराशी धरून शहराची स्वप्नं बघणारा गटात एक तरी असतोच. तो मिस्टरच निघाले तर मला कळवा.

बाकी "मेंढी देते, वीट द्या" ही घासाघीस तुम्हाला शिकवायची गरज नाही. बँकेच्या टेबलावर बसता ना?

म्हणजे जा. शुक्रवारीच त्या घरमालकांना फोन करा आणि किती जण येताहेत ते विचारा. पाच म्हणाले, तर कार्कसॉनचं नाव तुम्हीच काढा.

प्रश्न : सर, आईला आमच्या गेमिंग ग्रुपमध्ये न्यायचं आहे. बाबा गेल्यापासून ती संध्याकाळी एकटीच असते. पण ती इंग्रजी वाचत नाही आणि आमच्या सगळ्या गेमचे पत्ते इंग्रजी. तिला अवघडल्यासारखं होईल का? — मानेवाडा

उत्तर : पत्ते इंग्रजी असले तर होईल. म्हणून अक्षरं नसलेला खेळ काढ. अझूल घे. पाच रंगांच्या 100 फरशा, भरीव, हातात घेतल्या की टकटक वाजतात. वाचायला पटावर काही नाही. आमच्या गटात 68 वर्षांच्या एक काकू आहेत, सायंकाळची रांगोळी कधी न चुकलेल्या. दुसऱ्याच डावात त्यांनी आम्हा तिघांना अशा फरशा घ्यायला लावल्या की आमच्या तिघांच्याही फुटल्या. खेळात 'फुटणं' म्हणजे गुण वजा. काकू गोड हसत होत्या.

शब्दांचा खेळ हवा असेल तर कोडनेम्सचे पत्ते घरीच बनव. मांडायचे 25 शब्द असतात, पाच आडव्या ओळी, पाच उभ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही मराठी शब्द लिहिले : संत्रं, कूलर, बैल, सावजी, पुरण, मारबत, असे. दोन गट असतात. इशारा देणाऱ्यानं एक शब्द आणि एक आकडा सांगायचा, त्यावरून जोडीदारानं आपल्या गटाचे तेवढे शब्द ओळखायचे, बस्स. एका शनिवारी आमच्या इशारेवालीनं म्हटलं, "पोळा, दोन." तिच्या मनात बैल आणि मारबत. तिचे जोडीदार डॉक्टर पुण्याहून बदलून आलेले. बैलावर त्यांनी बरोबर बोट ठेवलं, मग छातीठोकपणे पुरणावर. पुरण नेमका काळा शब्द निघाला, म्हणजे डाव तिथेच खलास. "अहो, पोळ्याला पुरणपोळी नाही का करत?" डॉक्टर विचारत राहिले. "करतात ना बाप्पा, पण दुसऱ्या दिवशी मारबत निघते!" मारबत म्हणजे मिरवून जाळायचा पुतळा, त्यात पिवळी कोणती, काळी कोणती, मिरवणूक कुठून निघते, हे सांगण्यात अर्धा तास गेला आणि पुढचा डाव राहूनच गेला. तुझ्या आईला असले विषय आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार.

पहिल्या दिवशी तिला तुझ्या शेजारी बसवू नकोस मात्र. तू तिच्या वतीनं बोलशील.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा. व्यापारमध्ये हरायला लागला की पट उधळतो. काय करावं? — खामल्यातून

उत्तर : थोडा पट त्याच्या बाजूनंही बघा. व्यापार ज्या मोनोपॉलीच्या जातीचा, तिची आजी म्हणजे लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी 1904 मध्ये पेटंट घेतलेला जमीनदारीचा खेळ. जमीन एकाच्या हाती गेली की बाकीचे भाडं भरभरून कसे कंगाल होतात, हे दाखवायलाच त्यांनी तो रचला होता. पोराला जे जाणवतं ते खेळात मुद्दाम घातलेलं आहे. त्यात जो बुडतो तो बाहेर बसतो आणि दोघं आणखी तासभर खेळतात. असा खेळ द्या ज्यात शेवटपर्यंत सगळे पटावर असतात. तरी उधळला, तर गोट्या त्यालाच उचलायला लावा.

प्रश्न : एप्रिलपासून आमच्याकडे कूलरशिवाय बसवत नाही. पत्ते वाकतात, नोटा उडतात. त्यात गेल्या वेळी एका पत्त्यावर तर्री सांडली. उपाय? — लक्ष्मीनगर

उत्तर : कूलरची हवा ओली, पत्ता कागदाचा, वाकणारच. खेळाच्या वेळी झडपा वर करा, म्हणजे झोत छताकडे जातो. टेबल कूलरच्या समोरून हलवा. पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा प्रयोग आम्ही मे महिन्यात केला होता. वीस मिनिटांत सगळ्यांनी मिळून पंप सुरू केला. टेबलावर जाड चादर अंथरा, पत्ता नखानं उचलता येतो आणि फरशा घसरत नाहीत. वाकलेले पत्ते जाड पुस्तकाखाली आठवडाभर ठेवा, बहुतेक सरळ होतात. डबा कूलरच्या खोलीत ठेवू नका.

तर्रीचं मात्र अवघड आहे. टिपून घ्या, घासू नका, तेल आणखी पसरतं. डाग जात नाही. आणि डाग पत्त्याच्या पाठीवर असला तर तो पत्ता खुणेचा झाला. आमच्या टिकिट टू राइडमध्ये 110 गाडीपत्ते, त्यात 14 इंजिनं, इंजिन म्हणजे जोकर. तर्री पडली नेमकी एका इंजिनाच्या पाठीवर. पुढचे तीन शनिवार उपड्या गठ्ठ्यावर तो केशरी ठिपका वर आला की ज्याची पाळी असे तो डोळे मिटून गठ्ठ्यातूनच पत्ता घेई, आणि बाकीचे पंख्याकडे बघत. कुणी अवाक्षर काढलं नाही. चौथ्या शनिवारी एक नवीन मुलगा आला आणि पहिल्याच पाळीला म्हणाला, "काका, हे इंजिन आहे ना?"

मग 110 पत्त्यांना मागून अपारदर्शक स्लीव्ह, म्हणजे प्लॅस्टिकची पाकिटं, घातले. समोरून पारदर्शक चालतात, मागून नाही, घेताना बघून घ्या. तेव्हापासून तर्री-पोहे व्हरांड्यात उभ्यानं खायचे आणि साबणानं हात धुऊन आत यायचं असं ठरलंय. टेबलावर फक्त फुटाणे.