लेकीला रेकी मास्टर व्हायचंय, पैसे भरावेत का?

तासगाव तालुक्यातल्या एका आईंचं पत्र आलंय. लेक 22 वर्षांची, बी.कॉम. झालेली. सांगलीला विश्रामबागेत रविवारच्या वर्गात तिने रेकीची, म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा देता येते असं मानणाऱ्या जपानी उपचारपद्धतीची, पहिली डिग्री (पहिली पायरी) घेतली. रोज संध्याकाळी आजीच्या गुडघ्यांवर हात ठेवून बसते. आजी म्हणते बरं वाटतं, झोप लागते. आता शिक्षिका म्हणतात, दुसरी आणि मास्टर एकदमच करून टाक, 60 हजार होतील, वर्षाच्या आत स्वतःचं सेंटर काढशील. वडील म्हणतात सगळं थोतांड आहे. आईंचा प्रश्न असा: "बेदाण्याच्या सौद्याचे पैसे हातात आलेत. ते यात घालावेत का? यावर पोरीचं पोट भरेल का, आणि शिकायचंच झालं तर नीट कसं शिकायचं?"

ताई,

पैसे आत्ता भरू नका. तुमची लेक चुकीच्या वाटेला लागलीय म्हणून नाही. तिच्यात जे आहे त्याला 60 हजारांचं हे शिक्षण पुरणार नाही म्हणून.

रेकीची माहिती थोडक्यात सांगते. मिकाओ उसुई या जपानी गृहस्थांनी 1922 च्या सुमारास ती सुरू केली. क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर उपास करून ध्यानाला बसले असताना त्यांना ती गवसली, असं रेकीच्या परंपरेत सांगतात. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी आणि हायाशींकडे शिकलेल्या हवायो तकाता यांच्यामार्फत ती हवाईत आणि पुढे जगभर गेली. पहिल्या डिग्रीत स्वतःवर आणि दुसऱ्यावर हात ठेवायला शिकवतात, मग 21 दिवस स्वतःवर सराव करायला सांगतात. दुसरीत चिन्हं आणि दूरवरच्या माणसाला रेकी पाठवणं येतं. मास्टर झालं की इतरांना अट्यूनमेंट, म्हणजे रेकीची दीक्षा, देता येते. सर्टिफिकेट शिक्षकच देतात, त्यामागे कुठलं विद्यापीठ किंवा कौन्सिल नाही. आयुष मंत्रालयाच्या पद्धतींमध्ये आयुर्वेद, योग आणि निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी आहेत, रेकी नाही. त्यामुळे एका रविवारी शिकलेली आणि दहा वर्षं सराव केलेली, दोघींच्या भिंतीवर सारखाच कागद लागू शकतो.

आता आजीचा गुडघा. आजीला खरंच बरं वाटत असणार, त्यावर मी शंका घेणार नाही. पण कशामुळे, हे बघायला हवं. अमेरिकेत 2011 साली केमोथेरपी घेणाऱ्या 189 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना रेकी दिली, काहींना रेकी न शिकलेल्या व्यक्तीने नुसते तसेच हात ठेवून रेकीचा देखावा केला आणि काहींना नेहमीचेच उपचार दिले. खऱ्या आणि नकली, दोन्ही गटांतल्या रुग्णांना तिसऱ्या गटापेक्षा जास्त आराम वाटला. त्याआधी 2008 साली फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे सतत अंग दुखण्याच्या आजाराच्या, 100 रुग्णांवर चाचणी झाली होती. त्यात रेकीने वेदना कमी झाल्याचं दिसलं नाही. हातांतून ऊर्जा वाहते याला आजवर शास्त्रीय पुरावा मिळालेला नाही. पण आजारी माणसाजवळ कुणीतरी घाई न करता बसलं, हळुवार हात ठेवला, तर त्याला आराम पडतो. तुमची लेक अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवून म्हाताऱ्या माणसाजवळ बसते. ताई, हा गुण दुर्मिळ आहे, आणि याच गुणावर तिचं करिअर उभं राहू शकतं.

फक्त त्या गुणाला ज्ञानाची जोड लागते. उद्या तिच्या सेंटरमध्ये एखादी बाई येईल आणि म्हणेल, "पित्त झालंय, सकाळपासून छातीत जळजळतंय, डावा हात जड वाटतोय." त्या वेळी छातीवर हात ठेवून बसायचं नसतं, रिक्षा बोलावून तडक दवाखान्यात पाठवायचं असतं. हा हार्ट अटॅक असू शकतो हे ओळखायला ना दुसऱ्या डिग्रीत शिकवतात, ना मास्टरला. स्तनात गाठ लागलेली बाई लाजेपायी डॉक्टरकडे जात नाही, रेकीवालीकडे मात्र येते. तिचे चार महिने तिथे गेले तर त्याची भरपाई कशानेही होत नाही. मिरजेसारखं ठिकाण, जिथे शंभर वर्षांहून जास्त काळ कर्नाटकातूनही पेशंट येतात, ते आपल्या दाराशी आहे. तिकडे वेळेवर पाठवणं हेच या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य मानते मी.

कायद्याचंही तिला आत्ताच समजावून सांगा. मधुमेह, कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याखाली गुन्हा ठरते, मग ती व्हॉट्सॲपवर का असेना. नोंदणी नसताना डॉक्टरकी करता येत नाही, नावाआधी 'डॉ.' तर लावूच नये. शिवाय महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. ज्यांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यातून तो आला, ते डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या शेजारच्या साताऱ्याचे. त्या कायद्याला आणि त्या माणसाच्या कामाला मान देऊनच तिने या क्षेत्रात पाऊल टाकावं. "गोळ्या बंद करा" हे तीन शब्द तिच्या तोंडून कधीच निघता कामा नयेत.

पैशाचं बोलू. एका सेशनचे 500 रुपये धरले, तर महिन्याला 15 हजार मिळवायला 30 सेशन हवीत, त्यातून विश्रामबागेतल्या खोलीचं भाडं वजा. नव्या मुलीकडे महिन्याला इतके लोक येत नाहीत. म्हणूनच बरेच मास्टर उपचारापेक्षा वर्ग घेऊन कमावतात, आणि वर्गातल्या प्रत्येकीला मास्टर व्हायला सांगितलं जातं. तुमच्या लेकीला दिलेला सल्ला याच हिशेबातून आलाय का, हे तिने शिक्षिकेला सरळ विचारावं. आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: इन्सुलिन घेणारा पेशंट आला तर तुम्ही त्याला काय सांगता? आणि फी न भरता महिनाभर तुमच्या सेशनला बसू द्याल का? चांगली शिक्षिका दोन्हींची उत्तरं मनापासून देईल.

मग तिने काय करावं? मला सगळ्यात जवळचं वाटतं ते नर्सिंग. जीएनएमचा (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) कोर्स 3 वर्षांचा, बारावी कॉमर्स झालेल्यांनाही त्यात प्रवेश मिळतो. पुढे कॅन्सरच्या किंवा शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवेत, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरमध्ये, तिच्यासारख्या मुली फार हव्या आहेत. इंजेक्शन, रक्त, रात्रपाळी यांची भीती वाटत असेल तर योग. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षक पदविका कोर्स घरची कामं सांभाळून करता येतो. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये राहून शिकायचीही सोय आहे, 1924 पासूनची संस्था आहे ती. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा दिली की हातात मान्यतेचा कागद येतो. यांतलं एक पक्कं झालं की सोबत रेकी करायची तर खुशाल करावी, "मन शांत व्हायला मदत होते" एवढंच सांगून. हात ठेवण्याआधी विचारून, अंगावर कपडे असताना, आणि सुरुवातीला फक्त बायकांसाठी. दूरून रेकी पाठवण्याचे पैसे मात्र तिने घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

तिच्या वडिलांना एवढंच सांगा की तिच्यासमोर 'थोतांड' म्हणू नका. ती अडून बसेल आणि चोरून पैसे भरेल. पुढच्या आठवड्यात तिघं मिळून मिरजेतल्या एखाद्या नर्सिंग कॉलेजला जाऊन या. तिथे प्रश्न तिलाच विचारू द्या, तुम्ही फक्त सोबत बसा. रेकीची पहिली डिग्री झालीय, तिचा सराव चालू राहू दे. आजीची संध्याकाळ बंद करू नका.