‘डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही, मग ही नेमके करणार काय?’

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीने सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरवले आहे. वैद्यकीय प्रवेश थोडक्या गुणांनी हुकल्यामुळे ती ‘त्यातल्या त्यात जवळचे’ म्हणून हे निवडत असावी, अशी आपल्याला शंका आहे; आणि शीर्षकात दिलेला प्रश्न आपण रोखठोक विचारला आहे. आधी प्रश्नाकडे वळतो.

डॉक्टरांसमोर एक रुग्ण असतो, तर या क्षेत्रातल्या माणसासमोर अख्खी वस्ती असते. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कोणकोणत्या घरांत झाले याचा माग काढून ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपावर बोट ठेवले आणि पंपाचा दांडा काढायला लावला. ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र तिच्यातला हेन्री व्हाइटहेड अधिक मोलाचा वाटतो. हा त्याच भागातला तरुण धर्मोपदेशक होता, डॉक्टर नव्हता, आणि स्नो यांचे म्हणणे त्याला सुरुवातीला पटलेही नव्हते. परंतु घरोघरची माणसे त्याच्या ओळखीची असल्यामुळे तो त्याच दारांवर पुन्हा पुन्हा जाऊन विचारपूस करू शकला, आणि त्या चौकशीतूनच पंपाजवळच्या घरातल्या एका तान्ह्या बाळाच्या जुलाबापर्यंत साथीचा माग लागला. बाळाची दुपटी धुतलेले पाणी ज्या मैलाकुंडात टाकले जात होते, ते पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होते. आपली मुलगी जे काम करू पाहते आहे, त्याचा बराचसा भाग व्हाइटहेडच्या कामासारखा आहे.

आजचे उदाहरण डेंग्यूचे घ्या. एडिस डासाची मादी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. म्हणून साठलेले पाणी नुसते ओतून भागत नाही, भांड्याची आतली बाजू घासावी लागते; आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागत असल्यामुळे ते दर आठवड्याला करावे लागते. हे एखाद्याच्या दारात उभे राहून, ‘तुमचे घर अस्वच्छ आहे’ असा सूर न लावता सांगायचे, आणि मग तपासलेल्या घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या याची टक्केवारी काढून मागच्या फेरीशी ताडून पाहायची. कुलूप असलेल्या घरापुढे ‘बंद’ असेच लिहायचे, ‘अळी नाही’ असे कधीही नाही. हा फरक ज्याला कुणी न सांगता खटकतो, तो या क्षेत्रात टिकतो, असा माझा अनुभव आहे.

लसीकरणातही हिशेब आणि संवाद असेच हातात हात घालून चालतात. गोवर इतका संसर्गजन्य आहे, की त्याची साथ रोखायला वस्तीतल्या सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात. पहिली ऐंशी टक्के कुटुंबे सहज येतात, खरे कौशल्य उरलेल्यांच्या दारात लागते.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो. एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ), म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, साधारणपणे एक ते दोन वर्षांची असते आणि अनेक संस्थांत वैद्यकशाखेबाहेरच्या पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. साथरोगशास्त्र (रोग कुठे, कसे आणि का पसरतात याचा अभ्यास) आणि जैवसांख्यिकी (आरोग्याच्या आकडेवारीचे शास्त्र) हे तिचे कणा असलेले विषय आहेत. अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे आहे आणि ते कोणाच्या देखरेखीखाली होते, हे संस्थेच्या नावाआधी तपासावे. प्राणिशास्त्राची पार्श्वभूमी असल्यामुळे रोगवाहक कीटकांच्या अभ्यासाची वाटही तिला खुली आहे, आणि त्या वाटेवर गर्दी कमी असते.

अडचणीही लपवत नाही. बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या आणि कंत्राटी असतात. काही वरिष्ठ पदांसाठी वैद्यकीय पदवीच मागतात. शिवाय जी साथ आलीच नाही, तिच्याबद्दल कुणी आभार मानायला येत नाही. या गोष्टी तिला आत्ताच ठाऊक असाव्यात.

आता आपल्या शंकेविषयी. तिचे उत्तर मी इथून देऊ शकणार नाही, आणि मुलीला समोर बसवून विचारलेत तर तीही नीट देऊ शकेलच असे नाही. प्रवेशअर्जाची मुदत संपण्यापूर्वी तिने जवळच्या आरोग्ययंत्रणेच्या एखाद्या घरोघर सर्वेक्षणात निदान तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून जावे. आपण फक्त संध्याकाळी घरी आल्यावर ती काय बोलते ते ऐकावे. ती सारखी रुग्णांविषयी आणि औषधांविषयीच बोलू लागली, तर वैद्यकीय प्रवेशाचा आणखी एक प्रयत्न करण्याबद्दल तिच्याशी मोकळेपणाने बोलावे. पण दिवसभर पायपीट करूनही ‘बंद असलेल्या त्या अकरा घरांत पुन्हा कधी जायचे’ याचा विचार ती करत असेल, तर अर्जाची तयारी सुरू करावी आणि मला कळवावे. क्षेत्रकार्याच्या अनुभवावर प्रवेशअर्जासोबतचे निवेदन कसे लिहायचे, ते मी तिला सविस्तर कळवीन.

आपला,
करिअर मार्गदर्शक