जुन्या सिंथची (सिंथेसायझरची) दुखणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

माझा रोलँड जुनो-106 आहे. एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबली की दर सहाव्या वेळी सूर गायब होतो, कधी नुसतीच खरखर येते. दुरुस्तीवाले म्हणतात, सगळे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बदलून टाकू. देऊ का? (पुणे)

आत्ता तरी देऊ नका. ‘दर सहाव्या वेळी’ हे तुम्ही मोजलंत, त्यातच अर्धं निदान झालं. या वाद्यात सहा आवाज, म्हणजे सूर काढणारी सहा स्वतंत्र सर्किटं असतात आणि ‘पॉली-1’ या बटणाच्या पद्धतीत प्रत्येक नवा सूर पुढच्या आवाजाकडे जातो. म्हणजे सहांतला एकच आजारी आहे. वीजपुरवठा बिघडला असता तर सहाही कुरकुरले असते. तरीही अधिक 15, उणे 15 आणि 5 व्होल्ट मल्टीमीटरवर बघून घ्याच. कुठलंही जुनं वाद्य उघडलं की माझं पहिलं काम हेच असतं.

आता कोणता आवाज गेलाय ते शोधू. वाद्य बंद करा, ‘की ट्रान्सपोज’ बटण दाबून धरा आणि तसंच चालू करा. टेस्ट मोड सुरू होतो आणि कोणता आवाज वाजतोय त्याचा आकडा पडद्यावर दिसतो. एकेक सूर वाजवा आणि गप्प राहणारा आकडा लिहून ठेवा. त्या आवाजाची 80017ए ही चिप बहुतेक दोषी निघेल. सुराचा पोत बदलणारा फिल्टर आणि आवाजाची पातळी सांभाळणारा भाग, दोन्ही तिच्यातच आहेत. एका छोट्या पट्टीवर बारीक भाग बसवून वरून काळ्या रेझिनचा थर दिलेला असतो. वर्षानुवर्षांनी तो थरच किंचित वीज वाहू लागतो आणि आतले नाजूक प्रवाह नको तिकडे गळतात. एकदम दोन आवाज गेले असतील तर मात्र लाटा तयार करणाऱ्या एमसी5534ए चिपवर संशय घ्या. तिच्यावरही तसाच थर असतो.

चिप सोल्डर काढून अलगद उतरवा. घाई केलीत तर ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) उपटून येतो, म्हणून वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा डिसोल्डर पंप आणि वेळ दोन्ही हाताशी ठेवा. मग झाकणाच्या काचेच्या बरणीत शुद्ध ॲसिटोन घेऊन चिप बुडवून ठेवा. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास आग नको, अगदी देवासमोरचा दिवासुद्धा. दोनेक दिवसांत तो काळा थर भिंतीच्या जुन्या रंगासारखा फुगतो, सुरकुततो. मऊ ब्रश आणि लाकडी काडीने तो कडेकडेने सोलायचा. आत तांदळाच्या कणीएवढे भाग दिसू लागले की हात आणखी हलका करा, एखादा निघून आला तर चिप गेली. चिप परत लावताना सॉकेट बसवा, पुढचं काम सोपं होईल. आवाज परतला तरी त्याचा फिल्टर बाकीच्या पाचांशी जुळवून घ्यावा लागतो. आणि चिप वाचलीच नाही, तर नव्याने बनवलेल्या पर्यायी चिपा मिळतात.

त्याच जुनोवर कोरस (सूर भरदार करणारा इफेक्ट) लावला की ‘स्स्स’ असा आवाज येतो. हा बिघाड आहे का?

नाही. कोरसमधल्या बकेट ब्रिगेड चिपा (सूर किंचित उशिरा पुढे सोडणाऱ्या) हा आवाज घेऊनच येतात. वाद्य नवं असतानाही तो होता. अचानक वाढला असेल तरच बघा.

जपानहून आणलेला सिंथ थेट घरच्या सॉकेटला लावला. वास आला आणि बंद पडला. फ्यूज बदलला, तोही गेला. मोठा फ्यूज घालू का? (ठाणे)

कृपा करून घालू नका. जपानची वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची. फ्यूज आपलं काम करतोय, त्याला करू द्या. वाद्याची पिन काढून ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध मोजा. पूर्ण तुटलेलं दाखवलं तर वेटोळं किंवा त्यातला थर्मल फ्यूज गेला आहे. ते शाबूत असेल तर व्होल्टेज कमी करणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरमधून 100 व्होल्ट द्या, पण आधी इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बोर्ड मध्ये घ्या. साधा गोळीचा बल्ब मालिकेत असला की वाद्यात शॉर्ट असूनही विध्वंस होत नाही. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर पुढे जा. भगभगीत पेटून राहिला तर लगेच बंद करा आणि रेक्टिफायर डायोड, मोठे कपॅसिटर तपासा. हे कपॅसिटर पिन काढल्यावरही भरलेले असू शकतात. हात लावण्याआधी मीटर लावा.

कोर्ग पॉलिसिक्स कित्येक वर्षं माळ्यावर होता. आता बटणं भलतंच काही करतात, साठवलेले आवाज गेलेत. (रत्नागिरी)

ही तक्रार मला मनापासून वाईट वाटायला लावते, कारण एक छोटी बॅटरी वेळेत काढली असती तर हे टळलं असतं. केएलएम-367 बोर्डवर स्मृती जपणारी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळली की तिचा क्षार तांब्याचे ट्रॅक खातो. तुम्हाला हिरवट-निळसर पापुद्रा दिसेल. आपल्या कोकणातल्या दमट हवेत तो आणखी पसरतो. बॅटरी कापून काढा. क्षार मारायला कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावा, किंचित फेस येईल. मग डिस्टिल्ड पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या. त्यानंतर भिंगाखाली एकेक ट्रॅक मीटरने तपासायचा. वरून हिरवा लेप धड दिसतो आणि खाली तांबं संपलेलं असतं. तुटलेल्या जागी बारीक तारेचे जंपर टाका. जुन्या बॅटरीच्या जागी साधा लिथियम सेल बसवणार असाल, तर चार्ज होण्याचा मार्ग आधी डायोडने रोखा. न चार्ज होणारा लिथियम सेल चार्ज झाला तर फुटू शकतो.

मिनीमूग सुरात लावला की अर्ध्या तासात उतरतो. खालच्या सप्तकात बरोबर, वरच्यात बेसूर. (नागपूर)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या वाद्यात दर सप्तकाला एक व्होल्ट असा हिशोब असतो, आणि त्या व्होल्टचं कंपनसंख्येत रूपांतर करणारी ट्रान्झिस्टरची जोडी तापमानाला फार हळवी असते. म्हणून आधी अर्धा तास तापू द्या, मगच लावा. पंख्याचा किंवा एसीचा झोतही त्याच्यावर नको, नागपूरच्या उन्हाळ्यात हे अवघड असलं तरी. तापल्यावरही उतरतच राहिला तर तिन्ही ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारे भाग) वेगवेगळे ऐका. तिघं एकत्र उतरत असतील तर अधिक आणि उणे 10 व्होल्टचा पुरवठा बघा. एकटाच उतरत असेल तर त्याच्याच बोर्डवर थांबा, ड्राय सोल्डर (नीट न धरलेला टाका) आणि कार्बन आलेले कनेक्टर आधी. वरच्या सप्तकातला बेसूरपणा मात्र स्केलच्या ट्रिमरचा (बोर्डवरच्या, स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या बारीक नियंत्रकाचा) आहे. खालचा सा ट्यूनरवर लावा, तीन सप्तकं वर जा, चूक ट्रिमरने भरून काढा, परत खाली या. पाच-सहा फेऱ्या लागतात. ट्रिमर हलवण्याआधी त्याची मूळ जागा पेन्सिलने खुणून ठेवा.