नॉर्स कथांचं ‘मूळ पुस्तक’ कोणतं?

नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या पुराणकथांचं मूळ पुस्तक कोणतं आणि त्यातलं सगळं व्हायकिंग लोक खरोखर मानत होते का, असा प्रश्न आहे.

असं एक मूळ पुस्तक नाही. व्हायकिंगांनी रून लिपीत दगडांवर चार-दोन ओळी कोरल्या, कथा मात्र तोंडीच राहिल्या. आइसलँडने इ.स. १००० च्या सुमारास आल्थिंग सभेत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसॉनने या कथा सांगणारी गद्य एड्डा लिहिली ती १२२० च्या आसपास, म्हणजे दोनशे वर्षांनी. तो स्वतः ख्रिस्ती होता आणि धर्मग्रंथ नव्हे, कवींसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता. जुन्या काव्यात सोन्याला ‘सिफचे केस’ म्हणत. खोडकर लोकीने मेघगर्जनेचा देव थोर याच्या बायकोचे, म्हणजे सिफचे, केस कापले आणि भरपाई म्हणून बुटक्यांकडून सोन्याचे करवून आणले, ही गोष्ट ठाऊक नसेल तर ती ओळ कळतच नाही. गोष्टी टिकल्या त्या या गरजेमुळे.

दुसरा मोठा आधार म्हणजे पद्य एड्डा, देवांच्या आणि वीरांच्या जुन्या कवितांचा संग्रह. तिचं मुख्य हस्तलिखित, कोडेक्स रेगियस, १२७० च्या दशकातलं. पत्रे ४५ उरलेत. सिगुर्ड या वीराच्या कथेच्या ऐन मध्यावरचे ८ गहाळ आहेत. हे हस्तलिखित १६६२ साली डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि १९७१ मध्ये कोपनहेगनहून परत आलं, तेव्हा रेक्याविकच्या बंदरावर लोकांनी तुफान गर्दी केली होती. एका हस्तलिखितासाठी!

मग स्नोरीवर विश्वास ठेवायचा की नाही? सरसकट नाही, कथेकथेने तपासायचं. थोर बैलाचं डोकं गळाला लावून महासर्प ओढतो ती कथा घ्या. स्नोरी सांगतो की थोरने इतका जोर लावला की त्याचे पाय होडीचा तळ फोडून खाली गेले. ‘हिमिरचं गीत’ या पद्यात हे पाय नाहीत, म्हणून ही स्नोरीची भर असं वाटू शकतं. पण स्वीडनमधल्या आल्तुना गावचा अकराव्या शतकातला दगड पाहा: हातोडा उगारलेला थोर, खाली सर्प आणि होडीच्या तळातून बाहेर आलेला पाय. स्नोरीच्या आधीचा आणि आइसलँडपासून इतक्या लांबचा पुरावा. इथे स्नोरी खरा ठरतो.

उलटंही होतं. उल्ल हा देव ग्रंथांत जेमतेम दिसतो, पण स्वीडन-नॉर्वेत त्याच्या नावाची गावं-ठिकाणं भरपूर आहेत, म्हणजे पूजा जोरात होती. लोकी प्रत्येक कथेत लुडबुडतो, पण त्याच्या पूजेचा पक्का पुरावा नाही. आणि ‘नऊ जगं’ हा उल्लेख जुना असला तरी नऊ नावांची यादी एकाही जुन्या ग्रंथात नाही. इंटरनेटवरच्या याद्या नंतर जुळवलेल्या आहेत. लोकी थोरचा भाऊ हेही सिनेमा-कॉमिक्समधलं. जुन्या पद्यात त्याने रक्ताची शपथ घेतली आहे ती देवांचा प्रमुख ओडिन याच्याबरोबर.

वाचायला सुरुवात स्नोरीच्या गद्य एड्डातल्या ‘गिल्फागिनिंग’ या भागापासून करा. तो मधेमधे पद्य एड्डातल्या ‘व्होलुस्पा’ या कवितेची कडवी उद्धृत करतो, तिथे खूण करून ठेवा. मग ‘व्होलुस्पा’ सलग वाचा, पण टिपा असलेल्या आवृत्तीतच. कोरी वाचली तर नुसत्या नावांच्या गर्दीत दहाव्या कडव्यापाशीच अडकाल, कारण तिथून बुटक्यांची लांबलचक नामावळी सुरू होते. ती खुशाल ओलांडून पुढे जा.