जर्मनीतल्या कला अकादमीत चित्रकलेसाठी यायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत चित्रकलेची पदवी झाली आहे, काही वर्षं कमिशनची पोर्ट्रेट आणि भित्तिचित्रं करून पोट भरता आहात, आता पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत यायचं आहे. अर्ज कसा करायचा, पोर्टफोलिओत काय ठेवायचं, खर्च किती येतो, नंतर इथे चित्रकार म्हणून राहता येतं का आणि आधीची चित्रं सोबत कशी आणायची, हे तुम्हाला हवं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्या. जर्मन अकादमीत रंग कसा लावायचा, हात कसा काढायचा हे कोणी शिकवत नाही. ते तुम्हाला येतं असं धरूनच चालतात, किंवा आलंच पाहिजे असंही मानत नाहीत. इथे मिळतो तो वेळ, जागा आणि एका प्राध्यापकाचा वर्ग. वर्ग म्हणजे पंधरा-पंचवीस विद्यार्थी, एक सामायिक स्टुडिओ आणि ठराविक दिवसांनी होणारी चर्चा. त्या चर्चेत तुमचं काम भिंतीवर लागतं आणि सगळे त्यावर बोलतात. वेळापत्रक, असाइनमेंट, सबमिशन यांपैकी फारसं काही नाही. आपल्याकडच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला पहिलं वर्ष म्हणूनच फार जड जातं. कोणी काम मागत नाही, त्यामुळे काम थांबतं. येण्याआधीच स्वतःला काय शोधायचं आहे याचा थोडाफार अंदाज असेल तर हे वर्ष वाया जात नाही.

तंत्र शिकायचं असेल तर ते अकादमीच्या कार्यशाळांमध्ये: लिथोग्राफी (दगडावरून छपाई), एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छपाई), लाकूडकाम, ओतकाम, फोटोग्राफी. तिथले कार्यशाळाप्रमुख खरे जाणकार असतात आणि त्यांचा वेळ विद्यार्थ्यांना फुकट मिळतो. चित्रकाराने निदान एक वर्ष एचिंग किंवा लिथोग्राफीत घालवावं असं माझं ठाम मत आहे. थरांमध्ये विचार करायची सवय तिथे लागते.

कोणती अकादमी, यापेक्षा कोणता प्राध्यापक हा प्रश्न मोठा आहे. डुसेलडॉर्फ, म्युनिक, ड्रेस्डेन, लाइपझिग, हॅम्बुर्ग, बर्लिन, फ्रँकफर्टची श्टेडेलशूल, न्युर्नबर्ग, कार्ल्सरूहे, श्टुटगार्ट ही नावं तुम्ही ऐकली असतील, पण एकाच अकादमीतल्या दोन वर्गांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. लाइपझिगला आकृतिप्रधान चित्रकलेची परंपरा टिकून आहे, तरी तिथेही सगळे वर्ग तसे नाहीत. वर्ग ओळखायचा उत्तम मार्ग म्हणजे वार्षिक खुलं प्रदर्शन, म्हणजे रुंटगांग. त्या काही दिवसांत सगळे स्टुडिओ लोकांसाठी उघडे असतात. डुसेलडॉर्फ, लाइपझिग आणि हॅम्बुर्गला ते हिवाळी सेमिस्टरच्या शेवटी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास असतं. बर्लिन, म्युनिक आणि ड्रेस्डेनला जुलैमध्ये. प्रत्यक्ष येणं जमत नसेल तर प्राध्यापकाच्या आजच्या आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची कामं शोधून बघा. प्राध्यापकाची स्वतःची चित्रं बघून ठरवू नका. दहा विद्यार्थी दहा वेगळ्या दिशांना काम करताना दिसले तर तो वर्ग चांगला. सगळे गुरूसारखंच रंगवत असतील तर टाळा.

'मास्टर्स' या शब्दाने बरीच गफलत होते. हॅम्बुर्गला बॅचलर-मास्टर अशी विभागणी आहे, पण डुसेलडॉर्फ, म्युनिक, ड्रेस्डेन अशा अनेक ठिकाणी मुक्त कला हा एकच लांब अभ्यासक्रम असतो. शेवटी डिप्लोमा किंवा अकादमीचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यापुढे निवडक लोकांना 'माइस्टरशूलर' ही पायरी असते. पदवीधराला वरच्या सेमिस्टरमध्ये घेतात किंवा थेट माइस्टरशूलरसाठी विचार करतात, पण त्यासाठी प्राध्यापकाची आधी तयारी लागते. म्हणून लिहिताना छोटं पत्र, दहा चित्रं आणि त्याच वर्गात का यायचं आहे याचं खरं कारण पाठवा. 'आदरणीय महोदय, आपल्या थोर मार्गदर्शनाखाली' अशा पत्राचं उत्तर सहसा येत नाही.

आता पोर्टफोलिओ, ज्याला इथे 'माप्पे' म्हणतात. कामांची संख्या आणि मोठ्यात मोठा आकार प्रत्येक अकादमी ठरवून देते; साधारण पंधरा ते तीसच्या दरम्यान कामं मागतात. आपल्याकडून येणाऱ्या पोर्टफोलिओंचा नेहमीचा दोष असा की त्यात प्रत्येक माध्यमाचा एकेक नमुना असतो: एक तैलरंगातलं पोर्ट्रेट, एक जलरंगातलं निसर्गचित्र, एक संकल्पचित्र, एक स्टिल लाइफ, सगळी नीट पूर्ण केलेली. समितीला त्यातून एवढंच कळतं की या माणसाला शिकवलेलं येतं. त्यांना बघायचं असतं की एका गोष्टीमागे तुम्ही किती लांब गेलात. वीस कामं असतील तर बारा-तेरा एकाच शोधातली ठेवा, आणि त्यात फसलेलीही असू द्या, जर त्या फसण्यातून पुढचं चित्र आलं असेल. चार-पाच प्रत्यक्ष बघून केलेली रेखाटनं ठेवा, कारण मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयासारख्या शिक्षणातून आलेला हात ही तुमची खरी कमाई आहे आणि ती लपवायचं कारण नाही. सोबत दोन वापरलेल्या स्केचबुका द्या, मुद्दाम सजवलेल्या नकोत. फोटोवरून केलेली कमिशनची पोर्ट्रेट मात्र कितीही हुबेहूब असली तरी बाहेर ठेवा.

आता अनेक ठिकाणी पहिली फेरी ऑनलाइन असते, त्यामुळे चित्रांचे फोटो निर्णायक ठरतात. ढगाळ दिवशी सावलीत, कॅमेरा चित्राच्या मध्यासमोर आणि चित्राला समांतर ठेवून, शेजारी ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) लावून फोटो घ्या. मोबाइलच्या वाइड लेन्सने चित्राच्या कडा फुगतात आणि आपोआप होणारी रंगदुरुस्ती राखाडी छटा मारून टाकते. मूळ कामं पोस्टाने मागवली असतील तर पार्सल कस्टम्समध्ये अडकतं आणि अकादमी त्याचं शुल्क भरत नाही. जर्मनीतल्या ओळखीच्या माणसाकडे पाठवून तिथून पोचवणं सुरक्षित.

अर्ज बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच, हिवाळी सेमिस्टरसाठी घेतात आणि मुदत त्याआधी कित्येक महिने संपते. त्यामुळे उलट मोजून किमान दीड वर्ष हाताशी ठेवा. जर्मन भाषा बहुतेक ठिकाणी बी-१ किंवा बी-२ पातळीची लागते, आणि अटीपलीकडे ती वर्गातल्या चर्चेसाठी लागते. सगळ्यांना इंग्रजी येतं हे खरं, पण चित्रासमोर माणसं मनापासून बोलू लागली की जर्मनमध्येच बोलतात.

कागदपत्रांत भारतीयांसाठी २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलेला दाखला, सक्तीचं आहे. त्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचा अर्ज पुढे जात नाही. ते अर्जाच्या आधीच काढून ठेवा. बंद खात्यात, म्हणजे श्पेर्रकाँटोमध्ये, एका वर्षासाठी ११,९०४ युरो दाखवावे लागतात (२०२४ च्या सप्टेंबरपासूनचा आकडा), त्यातले महिन्याला ९९२ काढता येतात. बहुतेक सरकारी अकादम्यांत शिक्षणशुल्क नाही, फक्त सेमिस्टरचं योगदान असतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र, म्हणजे कार्ल्सरूहे आणि श्टुटगार्टला, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. तिशीच्या आत असाल तर सरकारी आरोग्यविमा विद्यार्थी दरात मिळतो. तिशी ओलांडली की तो दर मिळत नाही आणि महिन्याचं गणित बदलतं, हे आधीच धरा. पदवीधर कलाकारांसाठी डीएएडीची, म्हणजे जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची, शिष्यवृत्ती आहे. शेवटची पदवी फार जुनी होण्याआधी तिथे अर्ज करा.

मुलाखतीसाठी शेंगेन व्हिसावर यायला हरकत नाही, पण त्यावर येऊन इथेच विद्यार्थी परवाना मिळेल असं समजू नका. परत जाऊन राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे जर्मनीत दीर्घकाळ राहण्याचा व्हिसा, काढावा लागतो. प्रवेश प्रक्रियेसाठी वेगळा, लांब मुदतीचा व्हिसा असतो. तो असेल तर परवाना इथेच बदलून मिळतो.

विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. चित्र विकणं किंवा कमिशन घेणं यात धरलेलं नाही, ते स्वतंत्र व्यवसायात मोडतं आणि त्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची आगाऊ परवानगी लागते. तुम्ही आज कमिशनवर जगता, म्हणून हे विशेष लक्षात ठेवा. परवानगी मागितली की बऱ्याचदा मिळते. न मागता केलेली विक्री मात्र परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी आडवी येते.

शिक्षणानंतर काम शोधायला अठरा महिने मिळतात आणि त्या काळात स्वतंत्र कलाकार म्हणून परवान्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी उत्पन्नाचा आराखडा, प्रदर्शनांची पत्रं, गॅलरी किंवा ग्राहकांची हमीपत्रं लागतात. विद्यार्थी असल्यापासूनच ही कागदं एका फाइलमध्ये जमा करत जा. कलाकारांसाठी 'क्युन्स्टलरझोत्सियालकासे' नावाची व्यवस्था आहे. आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाचा साधारण निम्मा वाटा तुम्ही भरता, उरलेला ती व्यवस्था भरते. कलेतून वर्षाला किमान ३,९०० युरो मिळकत असावी लागते. नवोदितांना पहिली तीन वर्षं ही अट नसते. व्यावसायिक चित्रकाराच्या दृष्टीने जर्मनीत राहायचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे. फक्त चित्रांवर घर चालणारे इथेही थोडेच. बाकीचे शिकवतात, प्रदर्शनांची मांडणी करतात, अर्धवेळ नोकरी करतात आणि उरलेल्या वेळात स्टुडिओ सांभाळतात. स्टुडिओचं भाडं हा कायमचा घोर असतो, म्हणून ज्या शहरात शिकाल तिथल्या कलाकार संघटनेचे, बीबीकेचे, स्वस्त स्टुडिओंच्या वाटपाचे अर्ज वेळेत भरा.

परदेशी शिक्षणातून चित्रांत काय बदलतं? याची घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. चित्रकार सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. त्याआधी काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना चित्राच्या बांधणीकडे लक्ष द्यायला आणि फ्रेंच चित्रकार सेझानची चित्रं बघायला सांगितलं होतं. पॅरिसमध्ये त्यांनी नेमकं तेच गिरवलं. त्यांची ओळख बनलेला बिंदू मात्र सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आला, शिक्षण संपून दोन तपं उलटल्यावर. अमृता शेरगिलने पॅरिसमध्ये जे कमावलं ते भारतात परतून अजिंठा बघितल्यावर, १९३७ च्या दक्षिण भारतातल्या चित्रांत फळाला आलं. दोघांनी परदेशातून विषय आणला नाही, बांधणी आणली. म्हणून इथे आल्यावर लगेच 'भारतीय' दिसायचा किंवा लगेच 'युरोपीय' व्हायचा आटापिटा नको. संग्रहालयात जा आणि एकाच चित्रासमोर परत परत बसा. डुसेलडॉर्फच्या के-२० या संग्रहालयात चित्रकार पाउल क्लेच्या कामांचा मोठा संग्रह आहे. १९१४ च्या ट्युनिशियाच्या छोट्याशा सहलीनंतर त्याच्या रंगांचं काय झालं ते तिथे जाण्याआधी वाचून घ्या. बर्लिनच्या कुप्फरश्टिशकॅबिनेट या रेखाटनं आणि मुद्राचित्रांच्या संग्रहालयाच्या अभ्यासकक्षात ड्यूररची आणि रेम्ब्रांटची मूळ रेखाटनं मागवून टेबलावर बघता येतात. एवढ्या जवळून रेघ बघायला मिळणं हेच मोठं शिक्षण आहे.

प्रकाशाची तयारी ठेवा. डिसेंबरात मुंबईला दुपारचा सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर असतो, डुसेलडॉर्फला जेमतेम पंधरा, आणि दिवस आठ तासांचा. प्रकाश आडवा, मऊ आणि राखाडी येतो. आपल्याकडच्या उन्हात तोललेले गडद-उजळ संबंध इथे चुकीचे वाटू लागतात आणि बरेच जण घाबरून रंग भडक करतात. स्टुडिओत ५,००० केल्व्हिनचे, ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) असलेले एलईडी लावा, चित्रावर आणि पॅलेटवर एकाच जातीचे. थंडीत तैलरंग सावकाश सुकतात, म्हणून खालचे थर पातळ ठेवा आणि वरचा थर लावायची घाई टाळा, नाहीतर पुढे तडे जातात. अंधारात ठेवलेलं जवसाच्या तेलाचं चित्र पिवळं पडतं. बऱ्याच अंशी ते प्रकाशात परत उजळतं, तेव्हा तेवढ्यासाठी पुन्हा रंगवू नका. हीटरमुळे हिवाळ्यात खोलीतली हवा फार कोरडी होते. लाकडी पॅनेल वाकतात, म्हणून ती दोन्ही बाजूंनी प्राइम करा, म्हणजे अस्तराचा थर द्या, आणि हीटरपासून लांब ठेवा.

सामान आणताना टर्पेन्टाइन आणि फिक्सेटिव्हचे स्प्रे विमानात चालत नाहीत. तैलरंगाच्या ट्यूब चेक-इन सामानात चालतात, पण उत्पादकाचं सुरक्षा माहितीपत्रक छापून सोबत ठेवा, कारण तपासणीवाल्याला 'पेंट' एवढाच शब्द दिसतो. कॅनव्हास स्ट्रेचरवरून काढून रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा; बाजू आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो. नळी किमान पंधरा सेंटिमीटर व्यासाची घ्या, मध्ये ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद घाला. बबल रॅप थेट रंगावर लावू नका, बुडबुड्यांचे ठसे कायमचे उमटतात. जाड थराची आणि वर्षाच्या आतली तैलचित्रं गुंडाळूच नका. अॅक्रिलिकची चित्रं उन्हाळ्यात एकमेकांना चिकटतात आणि कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतात. हिवाळ्यात पोचलात तर नळी न उघडता पूर्ण एक दिवस उबदार खोलीत राहू द्या आणि मगच कॅनव्हास सावकाश उलगडा.