खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, या भीतीत आमची साडेपाच वर्षं गेली

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मग झोपच लागली नाही. तुमचा कर्णबधिर मुलगा चार वर्षांचा, दोन्ही कानांना ऐकायचं मशीन, बोलायला शिकवणारी स्पीच थेरपी चालू, आणि थेरपीवाल्यांनी बजावलंय की "खुणा करू देऊ नका, सवय लागली की बोलणारच नाही." खुणा म्हणजे हातांनी बोलायची सांकेतिक भाषा. त्यात सोसायटीतली मुलं त्याला खेळात घेत नाहीत. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, पंधरा वर्षांपूर्वी मला ऐकवलं गेलं होतं. माझी लेकही कर्णबधिर आहे, आता सतरा वर्षांची.

ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याची तपासणी, मशीनसाठी कानाच्या मापाचा मोल्ड, दिव्यांगांचं युडीआयडी ओळखपत्र हे तुमचं झालेलंच दिसतंय, त्यात जात नाही. आणि आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, करायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. फक्त चौकशी लांबवू नका, कारण दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणाऱ्या केंद्राच्या एडीप योजनेत इम्प्लांटला वयाची अट आहे. इम्प्लांट झालं तरी खुणा बंद करायची गरज नाही, हे मात्र माझं ठाम मत.

आता आमची चूक. आम्ही थेरपीला जिथे जायचो तिथे नियम होता, की तोंडाने मागितल्याशिवाय मुलीला काही द्यायचं नाही. तिने माठाकडे बोट दाखवलं की मी तिचा हात खाली करायचे आणि "पाणी म्हण, पाणी" म्हणत समोर बसून राहायचे. ती रडायची. कधी "पा" निघायचं, कधी नाही. शेजारणीने एकदा हाताने "जेवलीस का?" विचारलं, तर मी तिच्यावरच चिडले. हा नियम मी अगदी मनापासून पाळला. साडेसात वर्षांची झाली तेव्हा तिच्याकडे तीसचाळीस शब्द होते, तेही घरातल्यांनाच कळणारे.

त्याच वर्षी माझे सासरे गेले. तिचा त्यांच्यावर फार जीव. ते गेले हे तिला कसं सांगायचं, तेच आम्हाला येत नव्हतं. कुणी वर आभाळाकडे हात केला, कुणी डोळे मिटून दाखवले. पुढचे कितीतरी दिवस ती रोज संध्याकाळी त्यांच्या चपला दारात नीट लावून ठेवायची. मी त्या उचलून आत ठेवायचे, ती परत आणायची. दोन वर्षांनी, खुणा बऱ्यापैकी येऊ लागल्यावर, एका रात्री तिने मला विचारलं, "आजोबा माझ्यावर रागावून गेले का? मी त्यांचा चष्मा तोडला म्हणून?" दोन वर्षं हे तिने मनात ठेवलं होतं, कारण विचारायला भाषाच नव्हती. मशीनचा खर्च, प्रवास, माझी सुटलेली नोकरी, सगळं बाजूला ठेवलं तरी हे एक मला विसरता येत नाही.

म्हणून सांगते, आधी भाषा. कोणतीही, पण पूर्ण. पहिली पाच-सहा वर्षं भाषेची असतात, ती परत मिळत नाहीत. थेरपी सोडू नका, माझी मुलगी आजही "आई" स्पष्ट म्हणते आणि दुकानात दोन-चार शब्द बोलून काम भागवते. गंमत म्हणजे तिचं बोलणं सुधारलं ते खुणा आल्यावर, कारण आपण काय म्हणतोय हे तिला तेव्हा कळायला लागलं. एका मुलीचा अनुभव आहे, नियम म्हणून घेऊ नका. आणि "ओठ वाचेल की" असं कुणी म्हणालं तर आरशासमोर आवाज न काढता पाय, बाय, माय म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात.

कुणाकडून शिकायचं? कर्णबधिर माणसाकडूनच, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. दोन दिवसांची कार्यशाळा केलेल्या ऐकणाऱ्या बाईंकडून मी आधी शिकले. त्या मराठी वाक्यातल्या एकेका शब्दाला एकेक खूण लावायच्या. भाषा तशी नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. "कधी", "कुठे", "काय" साधारण वाक्याच्या शेवटी येतं आणि निम्मा अर्थ चेहऱ्यावर असतो. आमच्याकडे मग एक कर्णबधिर तरुण दर रविवारी यायचा. शिलाईकाम करायचा. त्याला फी द्या, दर वेळी द्या. समाजसेवा म्हणून फुकट शिकव असं कर्णबधिर मुलांना सर्रास सांगतात, त्याचा मला राग येतो. त्याने मुलीला तिचं खुणेतलं नाव दिलं, भुवईवरच्या व्रणावरून. मग तिने घरातल्या सगळ्यांची नावं पाडली. सासूबाईंचं नाव नथ. त्या पंचाहत्तरीत खुणा शिकल्या, तेव्हा "आता वय झालं" ही सबब घरात कुणालाही चालणार नाही.

आम्ही सुरू केलं तेव्हा बघायला फारसं काही नव्हतं. आता दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश आहे. 2018 साली 3,000 शब्दांनी सुरू झाला, 2021 मध्ये 10,000 झाले. फुकट आहे, रोज पाच शब्द बघा. मात्र तुमच्या भागातली कर्णबधिर माणसं काही खुणा वेगळ्या करतात, तिथे त्यांचं ऐका.

सोसायटीबद्दल. मी आधी सगळ्यांसाठी वर्ग ठेवला. पहिल्या रविवारी हॉल भरला, तिसऱ्या रविवारी चौघी उरल्या. मग नाद सोडला आणि मुलीच्या रोजच्या वाटेवरची माणसं धरली: वॉचमन, वाणी, रिक्षावाले काका, खालच्या मजल्यावरची दोन मुलं. प्रत्येकाला त्याच्या कामाच्याच दहा-पंधरा खुणा. वाण्याला आकडे, दूध, सुटे, उद्या. वॉचमनला थांब, आई, धोका, पाणी गेलं. मुलांना "तुझा डाव", "आउट" आणि "चीटिंग". हे शेवटचं फार महत्त्वाचं, भांडता आलं पाहिजे. भांडता येत नसेल तर ते मूल खेळात नुसतं उभं असतं. मुलं आठवड्यात शिकली आणि मग त्यांनीच बाकीच्यांना शिकवलं.

बाकी छोट्या गोष्टी: हाक मारायला खांद्यावर हलकी थाप किंवा दिव्याचं बटण दोनदा. खिडकीकडे पाठ करून बोलू नका, चेहरा अंधारात जातो. गणपतीत लाउडस्पीकरवर जे सांगतात ते फळ्यावरही लिहा. टाळ्या वाजवायच्या ऐवजी दोन्ही हात वर करून हलवा. पहिल्या वर्षी आमच्या मंडपात सगळ्यांनी तसं केलं तेव्हा ती स्टेजवरून उतरायलाच तयार नव्हती.

आणि एक वाक्य घरातून हद्दपार करा: "काही नाही, नंतर सांगते." लग्नात, जेवताना, सगळे हसतात, मूल विचारतं काय झालं, आणि आपण हे म्हणतो. नंतर आपण कधीच सांगत नाही. कितीही फुटकळ विनोद असो, तिथल्या तिथे सांगा.

शाळेत कुणी "आमच्याकडे खुणा चालत नाहीत" म्हणालं तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. सांकेतिक भाषा येणारे शिक्षक तयार करणं आणि नेमणं त्यात लिहिलेलं आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलण्यात आम्ही एक वर्ष घालवलं.

तुमचा जिल्हा कळवा. तिथे शिकवणारं कुणी आहे का ते लेकीला विचारते. व्हिडिओ कॉलवर तिच्या ओळखी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.