सासूबाईंचं नंतर बघू

खारेगावहून एकीचं चार पानी पत्र आलंय. वय 37, बी.कॉम. नऊ वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर होती, धाकटा झाला तेव्हा नोकरी सोडली. आता इग्नूतून घरबसल्या एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करतेय. पुढे बालगृहात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम करायचंय. रात्री भांडी आवरली की इअरफोन लावून लेक्चर ऐकते. त्यावर सासूबाईंचं पालुपद, ‘स्वतःची दोन टाकून लोकांची पोरं सांभाळायला निघाली!’ पत्राचा बहुतेक भाग या सासूबाईंनीच व्यापलाय. शेवटी प्रश्न: ‘ताई, त्यांना कसं समजावू?’

अगं, सासूबाईंचं नंतर बघू. तिसऱ्या पानावर तू कंसात एक वाक्य लिहून गेलीयस. ‘फील्डवर्कचं टेन्शन नाही, ह्यांच्या मित्राची संस्था आहे, न जाताच सही-शिक्का देणार आहेत.’ मी तिथेच अडकले. पुढचं पान दोनदा वाचावं लागलं, कारण डोक्यात काही शिरेना.

शिकणं ऑनलाइन आहे याबद्दल माझी काही तक्रार नाही. 2015 चा बाल न्याय कायदा, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा, बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, सापडलेल्या मुलाला 24 तासांत समितीपुढे न्यावं लागतं, हे सगळं ओट्याशी उभं राहून ऐकलंस तरी कळेल. पण समिती मुलाला घरी पाठवायचं की नाही हे ठरवते ते कशावर? कुणीतरी त्या घरी जाऊन केलेल्या चौकशीवर. कायद्याने त्या सामाजिक तपासणीला 15 दिवस दिलेत. उद्या तो अहवाल तू लिहिणार आहेस, आणि त्याचा सराव म्हणून आज न पाहिलेल्या घरांची पानं भरणार आहेस.

माझी पहिली गृहभेट दिघ्याच्या एका वस्तीत होती. दहा बाय दहाची खोली, आणि मुलाचं दप्तर छताजवळच्या खिळ्याला टांगलेलं. आठ वर्षांच्या पोराचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं. मला वाटलं, पकडलं! ऐटीत लिहिलं, ‘अभ्यासाकडे पालकांचे दुर्लक्ष.’ आमच्या मॅडमनी कागद वाचला आणि एवढंच म्हणाल्या, ‘परत जा.’ परत गेले तो जुलैतला दिवस. नाल्याचं पाणी घरात घोट्याच्या वर. गादी गुंडाळून मोरीच्या कठड्यावर, गॅस टेबलावर, आणि दप्तर खिळ्याला, कोरडं. त्या घरात सगळ्यात उंच जागा त्या पोराच्या वह्यांना दिलेली होती. मी स्वतः जाऊन, डोळ्यांनी बघून चुकले होते. तू तर जाणारच नाहीस.

आणि आता तुझे ‘हे’. फॉर्म त्यांनी भरला, फी त्यांनी भरली, शिक्काही तेच आणतायत. ‘नवऱ्याचा पूर्ण सपोर्ट आहे’ असं तू दोनदा लिहिलंयस. त्यांच्या मनात काळंबेरं असेल असं मी म्हणत नाही, तुझी दगदग वाचवतोय असंच त्यांना वाटत असेल. पण हिशेब करून बघ. सासूबाई ‘घराबाहेर पडू नकोस’ असं तोंडावर सांगतात, म्हणून तुला त्यांचा राग येतो. नवऱ्याने तुला बाहेर पडावंच लागणार नाही अशी सोय केली, तर तू त्यांचे आभार मानतेस. मला विचारशील तर त्यातल्या त्यात म्हातारी सरळ आहे. तिला निदान कळलंय की या कामाला घर सोडून दुसऱ्यांच्या दारात जावं लागतं.

तेव्हा एकच कर. त्या मित्राला आज फोन लाव आणि सांग, शिक्का नको. फोन तू लाव, ह्यांना लावायला सांगू नकोस. मग अभ्यास केंद्रात जाऊन सांग की मला खरोखर काम करून घेणारी संस्था आणि रोज डोकं खाणारा पर्यवेक्षक पाहिजे. कळवा-मुंब्र्यापासून तुर्भ्यापर्यंत वस्त्यांना तोटा नाही. एखादं सत्र लांबलं तर लांबू दे. नऊ वर्षं काउंटरवर घाबरलेल्या माणसांशी बोललीयस, लोकांच्या दारात तू बुजशील असं मला वाटत नाही.

सासूबाईंना समजावत बसू नकोस. ‘शनिवारी नऊला निघते, दोनला येईन, भात लावून ठेवलाय,’ एवढं सांग आणि नीघ. चपला रबरी घाल. आणि पहिल्या घरात गेल्या गेल्या वही काढू नकोस, त्यांनी पाणी दिलं तर आधी ते पी.